नुनुलुची साचलेली रजा

शेवटी असं झालं की नुनुलुने शनिवारी आमच्या अंगणात पोई कुटली, माझ्या भाचीने ती खाल्ली, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता नुनुलु संग्रहालयात परत हजर झाला.

आता हे विसरा. असं काहीही झालेलं नाही. नुनुलु हा दगड आहे. वय अंदाजे दोनशे वर्षं, दालन तीन, वस्तू क्रमांक सतरा. गेली बावीस वर्षं तो जागचा हललेला नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण त्या दालनाचा पहारेकरी मीच आहे. दगड हलला तर माझी नोकरी जाते. म्हणून तो हललेला नाही.

तर जे झालं नाही, ते कसकसं झालं नाही, ते सांगतो.

माझं नाव लोपाका. आमचं संग्रहालय बेटावरच्या हिलो गावात, बंदरापासून दोन वळणांवर आहे. चार दालनं, एक पंखा, आणि चारही दालनं मावतील एवढं आठवण-वस्तूंचं दुकान. दालन तीनमध्ये नुनुलु बसतो. देवळातल्या घंटेसारखा आकार, वर हाताच्या पकडीपुरता गोळा, खाली पसरट गुळगुळीत बूड. उकडलेल्या अळकुड्या लाकडी पाटावर घेऊन याच्याने कुटल्या की पोई होते. कुटताना तो गुरगुरतो. म्हणून आजीच्या आजीच्या कुणीतरी त्याचं नाव नुनुलु ठेवलं, म्हणजे गुरगुऱ्या. आमच्या घरात त्याच्यापेक्षा जुनं कोणी नाही आणि त्याच्यापेक्षा कमी कोणी बोलत नाही.

बावीस वर्षांपूर्वी माझ्या तूतूच्या, म्हणजे आजीच्या, भावाने स्वयंपाकघर नव्याने बांधायला काढलं. धुळीत दगड नको म्हणून त्यांनी, म्हणजे हेनेले अंकलनी, तो संग्रहालयात ठेवायला दिला. संग्रहालयाने कागदावर लिहिलं: कायमस्वरूपी उसनवार. कायमची उसनवार हा प्रकार जगात फक्त संग्रहालयात आणि शेजाऱ्यांत चालतो. पुढच्या वर्षी अंकल गेले. स्वयंपाकघर अजून अर्धवटच आहे.

नुनुलुखाली पाटी आहे: "पोई कुटण्याचा दगड. बुडाजवळची खाच धार्मिक विधीत पडली असावी." ती खाच माझ्या आजोबांनी जीपचा बंपर सरळ करताना पाडली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी हे लेखी कळवलं. उत्तर आलं: "मौखिक परंपरेची नोंद घेण्यात आली आहे."

तूतूने या संग्रहालयात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हणायचो, "चल की एकदा. माझी नातेवाईक म्हणून तुला तिकीट माफ आहे."

"स्वतःचं स्वयंपाकघर बघायला मी दुसऱ्याच्या घरी कशाला जाऊ?" ती म्हणायची.

पण मे महिन्यात माझ्या भाचीचं, हिलिनाइचं, वर्ष पुरं होत होतं. पहिल्या वाढदिवसाचा लुआउ, मेजवानीचा दिवस, म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. लग्न एक वेळ चुकवतील, हा नाही. आणि आमच्या घरात पोराच्या तोंडात पहिली पोई पडते ती या दिवशी, नुनुलुने कुटलेली. माझ्याही पडली होती. मी शेवटचा. माझ्यानंतर नुनुलु काचेत गेला आणि आमच्या घरात एकवीस वर्षं मूल झालं नाही. हा योगायोग आहे असं डॉक्टर म्हणतील. तूतू डॉक्टरकडे जात नाही.

ती एक्क्याऐंशीची आहे. फेब्रुवारीत एकदा उजवं मनगट फिरवून बघत ती म्हणाली, "यात आता एकच कुटणी उरलीय."

"मग आम्हाला शिकव ना," माझी बहीण नोहेआ म्हणाली. "बाजारातून दुसरा दगड आणू."

"दुसरीच्या नवऱ्याबरोबर नाच शिकशील का?"

नोहेआने यावर जरा जास्तच विचार केला. पण प्रश्न खरा होता. आम्हा दोघांना कुटता येत नव्हतं. मी रोज आठ तास नुनुलुसमोर उभा राहायचो आणि त्याला धरायचा कसा हे मला ठाऊक नव्हतं. या शनिवारी जमलं नाही, तर तूतूच्या मनगटात जे आहे ते मनगटातच राहणार होतं, आणि नुनुलु खरोखरच पाटीवर लिहिलंय तेवढाच उरला असता: पोई कुटण्याचा दगड, कुटणारं कोणी नाही.

म्हणून मी रीतसर अर्ज केला. नमुना नऊ. "वस्तू बाहेर नेण्याचे कारण" या रकान्यात लिहिलं, "कुटणे."

आमच्या संचालिका लोरेन मियाशिरो. तूतूच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून वाढलेल्या. नियमाला पक्क्या, पण चांगल्या. त्यांनी मला आत बोलावलं.

"लोपाका, समिती ऑक्टोबरात बसते."

"वाढदिवस शनिवारी आहे."

"आणि वस्तूचा अन्नाशी संपर्क येता कामा नये. नियम चौदा."

"मॅडम, तो पोईचा दगड आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि अर्ज ऑक्टोबरच्या गठ्ठ्यात ठेवला.

घरी येऊन मी सांगितलं. तूतू कपडे वाळत घालत होती. तिने शेवटचा टॉवेल झटकला.

"बुधवारी येते तुझ्या संग्रहालयात."

"बघायला?"

"पाहुणी म्हणून," ती म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बुधवारी दहाला ती आली. हिरवा झगा, गळ्यात पानांची माळ, हातात पिशवी. मागे नोहेआ, तिच्या कडेवर हिलिनाइ. पायरीपाशी तूतूने चपला काढल्या, दारासमोर उभी राहिली, आणि गाऊ लागली.

आमच्यात मोठ्या घरी असंच जातात. दारात उभं राहून मी कोण, कुठल्या डोंगराखालची, कुठल्या पाण्यावरची, कशाला आले, हे सगळं गाऊन सांगायचं. मग आतून गाऊन उत्तर येतं. उत्तर येईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. संग्रहालयात उद्घाटन-बिद्घाटन असलं की हे होतं. तेव्हा उत्तर द्यायला आमचे वाटाडे मेदेइरोस अंकल असतात. त्यांचा आवाज असा की पार्किंगमधल्या गाड्या भोंगे वाजवू लागतात. पण ते बुधवारी होडी घेऊन मासेमारीला जातात. तूतूला हे माहीत होतं. मासळी तीच घेते त्यांच्याकडून.

तूतूचं गाणं संपलं. आमचं दार काचेचं, आपोआप सरकणारं. ते सरकलं.

"ये ना," मी आतून म्हणालो. "उघडलंय."

"मी दाराला नाही विचारलं," तूतू म्हणाली. "घराला विचारलंय."

दार मिटलं. तूतू उभीच. दाराला वाटलं, बाई आत येतेय. ते पुन्हा सरकलं. मग मिटलं. पुढचे दोन तास ते हेच करत राहिलं. दिवसभरात सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं.

त्या दिवशी बंदराला मोठं जहाज लागलं होतं. सव्वादहाला दोन बस आल्या आणि ऐंशी पर्यटक उतरले. समोर एक म्हातारी अनवाणी उभी बघून ऐंशीच्या ऐंशी जणांनी बूट काढले. कोणी सांगितलं नव्हतं. एकाने मोजेसुद्धा काढले आणि नीट घडी करून खिशात ठेवले. बसचा ड्रायव्हर इथलाच. तो टोपी काढून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. गाणाऱ्या तूतूला ओलांडून आत जाणारा माणूस या बेटावर अजून जन्मलेला नाही.

तूतू दुसऱ्यांदा गायली. पाऊस आला, हिलोत येतो तसा, आणि गेला. ऐंशी जोड बूट भिजले.

"दहाचा कार्यक्रम फारच छान आहे," एक बाई मला म्हणाल्या. "अकराला काय असतं?"

"हाच," मी म्हणालो.

मग लोरेन मॅडम बाहेर आल्या. त्यांनी चपला काढल्या. बाहेर आलेल्या माणसाने चपला का काढाव्यात हे त्यांनाही कळलं नसावं, पण समोर तूतू होती.

"वाइओला आंटी! या ना, या. आत या."

"लोरेन, तू बोलतेयस."

"हो, आंटी."

"मी गायले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"आंटी, मेदेइरोस आज नाहीत. मला येत नाही हो."

"शाळेत शिकवलं होतं तुला. तुझी आई सांगायची, लोरेन गाते."

"आईने मला गप्प बसवायला तिकडे घातलं होतं!"

"घराची मालकीण तू. उत्तर तूच द्यायचं. मी थांबते. मला घाई नाही." तूतूने नोहेआकडे वळून विचारलं, "तुला आहे का घाई?"

"नाही," नोहेआ म्हणाली.

"आम्हालाही नाही," मागून ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या पर्यटकांचं जहाज पाच वाजता सुटत होतं.

"लोपाका," मॅडम हळूच म्हणाल्या, "तू गा. तुझी आजी आहे."

"माझ्याच घरच्याला तुझ्या घरात मी कसं बोलावणार?" मी म्हणालो, आणि मग घाईने, "मॅडम."

तेव्हा मला आठवलं. उत्तराचं गाणं आमच्याकडे आहे. दालन एक, भिंतीवर, काचेमागे, सुबक अक्षरात. खाली पाटी: "स्वागतगीत. प्रथा आता दुर्मीळ."

"फोटो काढून आण," मॅडम म्हणाल्या.

"दालन एकमध्ये फोटोला बंदी आहे. नियम सहा."

मॅडमनी डोळे मिटले. तो नियम त्यांनीच लिहिला होता. तो मोडला असता तर त्या लोरेन मियाशिरो राहिल्या नसत्या. म्हणून मी धावलो. एक ओळ पाठ करायची, धावत दारात यायचं, मॅडमच्या कानात सांगायची, परत जायचं. एकूण सात ओळी. तिसऱ्या खेपेपासून पर्यटक टाळ्या वाजवू लागले. पाचव्या खेपेला दालन दोनमध्ये मी घसरलो आणि ओळ सांडली. परत जाऊन पुन्हा आणावी लागली.

दोन ओळींच्या मध्ये मॅडमना थांबावं लागायचं. थांबताना त्या शेवटचा स्वर लांबवत ठेवायच्या. श्वास कुठून आणत होत्या कोण जाणे. आवाज सुरुवातीला उकळत्या किटलीसारखा होता. पण चौथ्या ओळीला काहीतरी झालं. शाळेतलं काहीतरी परत आलं असावं. मान वर गेली, आवाज खाली आला, आणि पार्किंगमधली एक गाडी वाजली.

आता ते गाणं काय म्हणतं, ते आमच्यापैकी कोणी नीट वाचलंच नव्हतं. मी तर एकेक ओळ नुसती वाहत होतो. हमालाला पेटीत काय आहे ते थोडंच माहीत असतं! तर ते असं आहे: ये, तुझं नाव ऐकलं. ये, पाऊस झेलत उभी होतीस. चटई अंथरली आहे. भांडं भरलं आहे. आत तुझेच लोक बसले आहेत. हात घालशील ते तुझं. जाताना रिकामी जाऊ नकोस.

सहावी ओळ गाताना मॅडमच्या डोळ्यांत अर्थ उतरला. मी तो उतरताना पाहिला. पण आमच्यात गाणं मध्येच तोडत नाहीत, त्याने घराचं वाईट होतं. त्यांनी सातवी ओळ पण गायली. फाशीच्या तक्त्यावर चढून माणसाने स्वतःच स्टूल नीट सरकवून घ्यावं, तशी.

दार सरकलं.

"किती गोड गायलीस गं," तूतू म्हणाली, आणि उजवं पाऊल आत टाकलं.

बोललेलं परत घेता येतं. गायलेलं नाही. आणि इथे तर ऐंशी साक्षीदार होते, शिवाय ड्रायव्हर, जो लोरेन मॅडमच्या आईचा पत्त्यातला भिडू आहे.

त्यानंतर तूतूने आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालय पाहिलं. तिच्यामागे मॅडम, नोहेआ, हिलिनाइ आणि ऐंशी अनवाणी माणसं. दालन एकमध्ये ती गळासमोर थांबली.

"हा उलटा टांगलाय. असा टांगला तर मासा हसत जाईल."

मॅडमनी नमुना नऊच्या पाठीवर लिहून घेतलं.

दालन दोनमध्ये पानांच्या चटईसमोर तूतू खूप वेळ वाकून उभी राहिली. "ही माझ्या मैत्रिणीची, मालिआची. बघ, कोपऱ्यात दोन पट्ट्या एकावर एक गेल्यात. विणताना तोंड बंद ठेवायची नाही कधी." मग काचेला म्हणाली, "मालिआ, तू इथे आहेस होय? आणि आम्ही तुझी राख सोडली तिथे समुद्रात तुला शोधतोय."

"पाटीवर 'विणकर अज्ञात' असं आहे," मॅडम म्हणाल्या.

"अज्ञात? अगं, तुझ्या बारशाला सगळ्यात जास्त भात तिनेच खाल्ला होता."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. कागद भरला. मी दुसरा नमुना नऊ आणून दिला.

सालीचं कापड बडवण्याच्या लाकडी सोट्यापाशी तूतूने एका पर्यटक बाईला हवेतच मनगट कसं वळवायचं ते शिकवलं. थोड्या वेळाने दालनात चाळीस माणसं हवा बडवत होती. अशी गर्दी मी आमच्याकडे फक्त शौचालयापाशी पाहिली आहे.

मग दालन तीन.

तूतू नुनुलुसमोर उभी राहिली. तिने काचेवर तळहात ठेवला. काचेला हात लावू नये, नियम दोन. मी पहारेकरी. मी पंख्याकडे पाहिलं.

"वाळलाय," ती म्हणाली.

"आंटी, दगड वाळत नाहीत," मॅडम म्हणाल्या, पण हळू.

"तू बोलून पाहिलंयस त्याच्याशी?"

"नाही."

"बावीस वर्षं याला पाणी नाही, पोई नाही, कोणाचा हात नाही. तू वाळली नसतीस?"

मग तिने पाटी वाचली. खाच, धार्मिक विधी. ती इतकी हसली की हिलिनाइपण हसू लागली.

"विधीच होता म्हणा! दर रविवारी हा माझा नवरा त्याच आंब्याच्या झाडावर जीप घालायचा, आणि दर रविवारी याच्याने बंपर ठोकायचा. बाराशे वेळा तरी केला असेल विधी. झाड अजून आहे."

पुढचं सगळं मॅडमच्या केबिनमध्ये झालं. त्यांनी पाणी मागवलं, खुर्चीत बसल्या, हात टेबलावर जुळवले. संचालिका पुन्हा संचालिका झाली.

"आंटी, मी गायले हे खरं. पण समितीचा नियम—"

तूतूने पिशवीतून लाकडी वाडगं काढलं, टेबलावर ठेवलं आणि झाकण उचललं. आत पोई होती.

मॅडमनी तोंड मिटलं.

पोईचं वाडगं उघडं असलं की भांडायचं नाही, नाही म्हणायचं नाही, व्यवहाराचं बोलायचं नाही. जुन्या कथेप्रमाणे अळू हा आमचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर घरची धुणी धुवत नाहीत. हे आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मियाशिरोंच्या घरात तर नक्कीच, कारण त्यांची आई पोई वाढताना नवऱ्याला काय काय ऐकवायचं ते झाकण घालेपर्यंत मोजून ठेवायची.

"दुकानातली आहे," तूतू म्हणाली. "यंत्रावरची. भिंतीला कागद चिकटवायला बरी. पण आणायचं म्हणून आणली."

मॅडमनी दोन बोटं बुडवून चाटली. मी पण. खरंच भिंतीची होती.

"आंटी, झाकण ठेवू का?" मॅडमनी विचारलं.

"राहू दे. हवा लागू दे त्याला."

वीस मिनिटं आम्ही हवामानावर बोललो. आंब्यावर बोललो. मॅडमच्या आईच्या गुडघ्यावर बोललो. मध्येच मॅडमचा हात झाकणाकडे जायचा आणि तूतू त्यांना आणखी वाढायची. शेवटी मॅडम खिडकीबाहेर बघत माझ्याशी बोलल्या. आवाज असा, जणू नुसता विचार मनात आला.

"लोपाका, दालन तीनमधली एक काच फार मळलीय, नाही?"

"हो मॅडम. आजच कोणाचा तरी हात लागला."

"काच धुताना आतली वस्तू काढून ठेवावी लागते."

"नियम अकरा."

"कुठे ठेवायची असं नियमात आहे का?"

"'सुरक्षित, सावलीच्या जागी, जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली.'"

"किती दिवस लागतील काच वाळायला?"

"हिलोच्या हवेत?" मी म्हणालो. "शनिवार ते सोमवार."

मॅडमनी मान हलवली. तूतूने वाडग्यावर झाकण ठेवलं.

शनिवारी सकाळी सातला, संग्रहालय उघडायच्या आधी, मी काच काढली. तूतू बरोबर होती, आणि तिच्या काखेत घरचा राइस कुकर होता.

"हा कशाला?"

"घेताना जागा रिकामी सोडू नये. हा गेल्यापासून घरात याचं काम कोणी केलं? यानेच ना? बसू दे दोन दिवस मानाने." तिने कुकर नुनुलुच्या जागी ठेवला, वायरची गुंडाळी नीट केली, आणि त्याच्या झाकणावर थोपटलं.

पाटी मी तशीच ठेवली. पाटी हलवायला वेगळा नमुना लागतो.

त्या दुपारी अंगणात दोनशे माणसं होती. डुक्कर जमिनीतल्या भट्टीत, भाताचा डोंगर शेजाऱ्यांच्या कुकरवर. तूतू पाटासमोर मांडी घालून बसली. तिने हात पाण्यात बुडवला, नुनुलुचं बूड ओलं केलं आणि पहिला घाव घातला. तो गुरगुरला. सगळ्या नोकरीत मी त्याच्याइतका शांत सहकारी पाहिला नव्हता, आणि आता बघा. अंगणातली म्हातारी माणसं पाटाकडे वळली. त्यांना तो आवाज ओळखू आला.

दहा घावांनंतर तूतूने मनगट चोळलं आणि सरकली. "बस."

मी बसलो. पकड मला शोधावी लागली नाही. वरच्या गोळ्याखाली अंगठ्याची एक खोल जागा आहे, काचेतून ती दिसतच नाही. कोणाकोणाच्या अंगठ्याने झिजलेली. माझा अंगठा तिथे जाऊन बसला, बसच्या सीटवर बसावा तसा.

"मारू नकोस," तूतू म्हणाली. "पडू दे त्याला. त्याला पडायला येतं. तू फक्त उचल."

"दगड अवघड आहे."

"तुझ्यापेक्षा कमी. दुमड आता. पाणी! गाढवा, पाणी हाताला लाव, पोईला नाही."

मग नोहेआ बसली. तिला माझ्यापेक्षा दुप्पट चांगलं जमलं आणि हे पुढचं वर्षभर मला ऐकावं लागणार आहे. तूतू मागे बसून नुसत्या आवाजावरून चुका सांगत होती. डोळे मिटले होते. मनगटातलं सगळं तिने त्या दुपारी रिकामं केलं आणि संध्याकाळी म्हणाली, हलकं वाटतंय.

हिलिनाइच्या तोंडात नोहेआने बोटावरची पोई घातली. पोरीने तोंड कडू केलं. दोनशे माणसांनी श्वास रोखला. मग तिने दोन्ही हात वाडग्यात घातले. नंतर वाडगं कोणी न धुताच लख्ख झालं.

तर हे काहीच झालं नाही. गोष्ट इथेच संपली असती, पण रविवारी, मी सुट्टीवर असताना, मुख्य भूमीवरून वस्तूंची तपासणी करायला एक निरीक्षक आले. न सांगता येतात, तेच त्यांचं काम. दालन तीनमध्ये क्रमांक सतरासमोर ते बराच वेळ उभे राहिले, असं दुकानातली मुलगी सांगते. पाटी वाचली. वहीत लिहिलं: "वस्तू जागेवर. स्थिती उत्तम. वायर जपावी." मग काच उघडून कुकरच्या बुडाला पांढऱ्या रंगाने सतरा लिहिलं.

सोमवारी आठला मी नुनुलुला घेऊन पोचलो. त्याच्या बुडाला सतरा. कुकरच्या बुडाला सतरा. मॅडम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"कुकर घरी नेऊ?" मी म्हणालो.

"आता ती नोंदणीकृत वस्तू आहे, लोपाका. नमुना नऊ लागेल. समिती ऑक्टोबरात बसते."

"आणि नुनुलु?"

"तो तर इथेच आहे. कधी हललाच नाही."

म्हणून आता दोघं एकाच काचेत बसतात. पर्यटकांच्या अभिप्रायाच्या वहीत तिघांनी कुकरला सर्वोत्कृष्ट वस्तू म्हटलंय, नुनुलुला एकानेच. तूतूला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी परत येऊन गाऊ का दारात?" हे मी मॅडमना कळवलं. तेव्हापासून बुधवारी मेदेइरोस अंकलना होडी काढायला बंदी आहे. चटईखाली मात्र आता मालिआचं नाव आहे.

आणि नोहेआला पुन्हा दिवस गेलेत. हा योगायोग आहे असं डॉक्टर म्हणतात. म्हणून मी वेळेत, ऑक्टोबरच्या आधी, समितीकडे पुढचा अर्ज पाठवला आहे. नमुना नवात बसेना, म्हणून कर्मचाऱ्यांच्या रजेचा नमुना वापरला:

"महोदय, विषय: दालन तीनमधील क्रमांक सतरा (दगड) यांच्या साचलेल्या रजेबाबत. सदर कर्मचारी गेली बावीस वर्षे एकही दिवस गैरहजर न राहता, जेवणाची सुट्टी न घेता, उभ्यानेच सेवेत आहेत. नियमानुसार त्यांची वर्षाला एकवीस दिवस याप्रमाणे चारशे बासष्ट दिवसांची रजा शिल्लक आहे. तरी ती कौटुंबिक कारणास्तव मागील मे महिन्यातील त्या शनिवारपासून मंजूर करावी. रजेच्या काळात त्यांचा पदभार क्रमांक सतरा (कुकर) यांनी सांभाळावा, मात्र त्यांना रोज संध्याकाळी भात लावण्यापुरते घरी सोडावे. आणि अर्जदारास हात नसल्याने सहीऐवजी सोबत जोडलेला त्यांच्या बुडाचा पोईतील ठसा ग्राह्य धरावा, ही नम्र विनंती."